चौदा भोकं: घरी बनवलेल्या खरवडणीच्या अवजारांचं एक प्रकरण

बोकडाच्या डोक्यापासून खांद्यापर्यंतची कातडी होती. मांस, चरबी, पापुद्रे खरवडून झाल्यावर मी ती उजेडासमोर धरली आणि भोकं मोजली. १४ निघाली. तीन इतकी मोठी की बोट आरपार जावं, बाकीची गव्हाच्या दाण्याएवढी. खरवडायची सगळी अवजारं मी स्वतः बनवली होती आणि सुरीला धार लावण्यात दोन संध्याकाळी घातल्या होत्या. म्हणून पहिला संशय सुरीवरच गेला. तो चुकीचा होता, आणि चूक कशी सापडली हेच इथे मांडायचं आहे. कमी पैशांत टॅक्सिडर्मी (मेलेल्या जनावराची कातडी टिकवून त्याला जिवंतासारखं रूप देण्याची कला) शिकू पाहणारे जवळजवळ सगळे माझ्यासारखेच सुरीपासून सुरुवात करतात.

खरवडणी का करायची, एवढं आधी सांगतो. सोललेल्या कातडीच्या आतल्या बाजूला मांसाचे तुकडे, चरबी आणि एक चिवट पांढरट पापुद्रा राहतो. मीठ लावलं की ते कातडीतलं पाणी ओढून घेतं आणि जिवाणूंची वाढ थांबते. पण चरबीच्या थरातून मीठ आत जात नाही, कमावण्याचं रसायनही जात नाही. चरबीखालची कातडी मग आतून नासते आणि काही दिवसांनी वरचे केस झुपक्याने हातात येतात. चरबी राहिलीच आणि त्यातून कातडी वाळली, तर ती चरबी जुनी होऊन कातडी जाळते. अशी कातडी पुढे वाकवली की पापडासारखी तुटते. याउलट खोल खरवडलं तर केसांची मुळं उघडी पडतात आणि केस त्या बाजूने सुटतात. या दोन धोक्यांच्या मधे दोनेक मिलिमीटरची जागा असते, कानाजवळ आणि डोळ्याभोवती तर त्याहून कमी. सगळं काम तेवढ्यात करायचं असतं.

यासाठी फिरत्या गोल पात्याचं यंत्र मिळतं. मुरलेले कारागीर त्यावर मोठी कातडी तासाभरात उरकतात. माझ्या आवाक्यात ते नव्हतं, तयार दोन मुठींची सुरीही नव्हती. हाताशी होतं ते असं: एका हलक्या गाडीच्या कमानपाट्याचा तुकडा, जाड पीव्हीसी पाइप, जुन्या फळ्या, हॅकसॉची मोडकी पाती, कानशी, हँड ग्राइंडर आणि वेग कमीजास्त करता येणारं ड्रिल.

घोडी मी एका सुट्टीच्या दिवशी उभी केली. घोडी म्हणजे तिरपा, गोलसर पाठीचा ओंडका. त्याचं एक टोक जमिनीवर आणि दुसरं कमरेइतकं उंच. कातडी त्यावर केसांची बाजू खाली करून पसरायची, वरची कड घोडीचं टोक आणि आपलं पोट यांच्यात दाबून धरायची आणि सुरी पुढे ढकलत जायची. १६० मिलिमीटर व्यासाचा पाइप मी उभा चिरला. एक अर्धा भाग फळीवर पालथा ठेवला, आत दर २२ सेंटीमीटरवर अर्धगोल लाकडी आधार दिले आणि पाइपच्या पाठीवरून थेट त्या आधारांत स्क्रू मारले. स्क्रूची डोकी आत बुडवली आणि वरून हात फिरवला. गुळगुळीत लागलं. मी पुढच्या कामाला लागलो.

सुरीत मात्र जीव ओतला. कमानपाट्याचं पोलाद स्प्रिंगचं असतं. ते चांगल्यापैकी कडक असतं, तरी कानस त्याला लागते. ४० सेंटीमीटर लांब, ५ मिलिमीटर जाड तुकडा घेतला. मुठी बसवायला टोकांना भोकं पाडायची होती, पण ड्रिलचं पातं नुसतं घसरत होतं. मग मधल्या भागाला ओलं फडकं गुंडाळून एकेक टोक लालभडक तापवलं. लोहचुंबक चिकटेनासं झालं की पोलाद साधारण ७७० अंशांच्या पुढे गेलेलं असतं. तिथपर्यंत नेऊन टोक राखेत पुरलं आणि सावकाश निवू दिलं. टोकं मऊ झाली, भोकं पडली, लाकडी मुठी बोल्टने आवळल्या. मधला भाग मूळच्या कडकपणावर राहिला. कड घासताना दर दोन-चार फेऱ्यांनी पाण्यात बुडवत होतो. अशा पोलादाची कड फार तापली तर तिचा कडकपणा जातो, आणि तो नुसत्या घासण्याने परत येत नाही. शेवटी दगडावर अशी धार आणली की कागद नुसत्या स्पर्शाने कापला जावा. त्या क्षणी मला ती धार म्हणजे कामाची पावतीच वाटली होती.

पुढे काय झालं ते सुरुवातीला सांगितलंच आहे.

पहिला उपाय सरळ होता: धार जास्त झाली, कमी करा. कानशीने कड मोडून बोथट केली. खांद्याच्या कडेचा एक पट्टा तसाही पुढे कापून टाकायचा होता, तो घोडीवर ताणला आणि खरवडला. सुरी आता सहज कापत नव्हती, ढकलायला जोर लागत होता. तरीही मधोमध एक नवं भोक पडलं. (ते १४ मध्ये धरलेलं नाही.) बोथट कडेने भोक पडतंच कसं, हे मला समजेना.

तेव्हा कातडी टेबलावर पसरली आणि प्रत्येक भोकाभोवती मार्करने गोल काढला. एरवी असल्या वेळी माणूस लगेच सुईदोरा घेऊन बसतो. मीही बसणारच होतो, पण गोल काढल्यावर भोकांची एक रचना दिसली. नऊ भोकं तीन रांगांत होती, प्रत्येक रांगेत तीन. रांगा मानेकडून खांद्याकडे जाणाऱ्या, एकमेकींना जवळजवळ समांतर. रांगेतल्या भोकांमधलं अंतर टेपने मोजलं, तर कुठे २१, कुठे २३ सेंटीमीटर भरलं. आधारांमधलं अंतर २२. ओली कातडी थोडी ताणते, आक्रसते, हे धरलं तर आकडा तोच होता.

खरवडताना मी कातडी तीन वेळा आडवी सरकवली होती: आधी डावी बाजू, मग मधली, मग उजवी. प्रत्येक वेळी मानेची कड पोटाशी एकाच जागी दाबली होती. त्यामुळे तेच तीन स्क्रू तीन वेळा कातडीखाली आले आणि नऊ भोकं पडली.

पण हाताला तर घोडी गुळगुळीत लागली होती! सुतारकाम करणारा एक मित्र आला होता, त्याला दाखवलं. त्याने हात फिरवला नाही. पाइपवर दोन आधारांच्या मधे तळहात ठेवून अंगाचा भार टाकला. पाइप किंचित दबला. मग आधारावर भार टाकला. तिथे काहीच हललं नाही. "मोकळी असताना सपाट आहे रे, पण तू जोर लावलास की मधलं खाली जातं आणि स्क्रूची जागा टेकाडासारखी वर राहते," तो म्हणाला. शिवाय स्क्रू बुडवताना मऊ पीव्हीसीची बारीक कड भोवताली उचलली गेली होती. मी हात फिरवला तो कोरड्या बोटांनी आणि हलका. सुरी मात्र पूर्ण भाराने त्या कडेवरून जात होती. वर सुरी, खाली टेकाड आणि मधे दोन मिलिमीटर कातडी. अशा वेळी वरची कड धारदार असो की बोथट, कातडी फाटतेच.

राहिलेल्या पाचांचा हिशेब पटकन लागला. तीन मोठी भोकं सुरीच्या कोपऱ्यांची होती. पातं सरळ, कोपरे काटकोनी. हात थकून सुरी एका बाजूला कलली की पात्याऐवजी कोपरा कातडीत घुसे. ही तिन्ही भोकं जाड मानेजवळ होती, जिथे मी सर्वांत जास्त दमलो होतो. उरलेली दोन खरवडताना पडलेलीच नव्हती. सोलताना सुरीचं टोक कातडीत अर्धवट उतरलं होतं, तो चरा ताण पडल्यावर उघडला. अशा चऱ्यांना खरवडणीचं कुठलंच अवजार वाचवू शकत नाही. ती चूक आधीच्या टप्प्यावरची आणि माझीच.

म्हणून दुसऱ्या फेरीत आधी घोडी खोलली. पाठीवरचे सगळे स्क्रू काढले आणि पाइप दोन्ही कडांना, फळीलगत, बाजूने आवळला. तिथे सुरी कधीच जात नाही. मग पोकळी भरली. पाइप उताणा करून वरच्या ८० सेंटीमीटरमध्ये वाळू-सिमेंटचा माल ओतला. सिमेंट पीव्हीसीला चिकटत नाही, म्हणून आतली बाजू आधी खरखरीत कागदाने घासली आणि बाजूच्या काही स्क्रूंची टोकं आतल्या पोकळीत शिरलेली ठेवली. माल त्यांना धरून बसतो. आठवडाभर ओला ठेवला. घोडीचं वजन पंधरा किलोहून जास्त वाढलं आणि त्याचा एक फायदा ध्यानीमनी नसताना मिळाला: ढकलताना ती आता मागे सरकत नाही. पाठीवरची स्क्रूची भोकं इपॉक्सीने भरली आणि बारीक पॉलिश पेपर पाणी लावून फिरवला. ज्यांना सरळ, गाठी नसलेला, हातभर घेराचा ओंडका मिळेल त्यांनी पाइपच्या वाटेला जाऊच नये. साल काढून, रंधा मारून, घासून घेतला की तोच सर्वांत चांगला. सशासारख्या लहान कातडीसाठी मात्र रुंद घोडी चालत नाही. नळीसारखी सोललेली कातडी तीवर चढत नाही. त्यासाठी मनगटाएवढी, टोकाला निमुळती वेगळी घोडी लागते.

तपासणीची पद्धतही बदलली. आता कोरडा हात फिरवत नाही. घोडीवर ओलं सुती कापड पसरतो आणि बोथट सुरी पूर्ण जोराने वरून खाली ढकलतो. कापड नुसतं सुरकुतून गोळा झालं तर घोडी आणि सुरी दोन्ही ठीक. एखाद्या जागी धागा तुटला तर खाली काहीतरी आहे. काम चालू असतानाही हे होतं. केसांत अडकलेला काटा, चिखलाचा वाळलेला खडा, चरबीची गोळी, काहीही कातडी आणि घोडीच्या मधे आलं की त्याचं टेकाड होतं. म्हणून कातडी आधी थंड पाण्यात धुऊन केसांतून फणी फिरवतो आणि दर थोड्या वेळाने कातडी उचलून घोडी पुसतो. रक्त काढायला गरम पाणी कधीच नको. ओल्या कच्च्या कातडीतलं कोलॅजन साठ-पासष्ट अंशांना आक्रसतं आणि ते पूर्ववत होत नाही.

सुरीचे दोन्ही कोपरे कानशीने गोल केले, नखाच्या कडेसारखे. पात्याच्या दोन कडांना दोन कामं वाटून दिली. एक कड चौकोनी आणि बोथट: तिला कातरायचं नसतं, पापुद्रा आणि चरबी कातडीपासून सोलत पुढे लोटायची असते. दुसऱ्या कडेला साधारण २५-३० अंशांची धार आहे आणि ती फक्त जाड कातडी पातळ करण्याच्या कामाला. आधी माझी सुरी एकाच धारेने दोन्ही करू पाहत होती. घोडी दुरुस्त झाल्यावर धारदार कड मांस काढायला लावून पाहिली होती. भोकं पडली नाहीत, पण हातभर जागेत केसांची मुळं काळ्या ठिपक्यांसारखी दिसू लागली. म्हणजे बोथट कड हवीच होती. मी तिच्याकडे चुकीच्या कारणासाठी वळलो होतो, एवढंच.

ढकलण्याची दिशा मानेकडून शेपटीकडे ठेवतो. सुरी जवळजवळ आडवी धरायची आणि भार हातांचा नको, कमरेतून यायला हवा. हाताने ढकललं की वीस मिनिटांत मनगटं जातात आणि मग कोपरा खुपसण्याची वेळ येते.

मानेचा प्रश्न मात्र घोडी आणि सुरीने सुटला नाही. बोकडाच्या मानेची कातडी खांद्यापेक्षा कितीतरी जाड असते आणि कच्च्या स्थितीत ती पातळ करायला गेलं की सुरी रबरावरून जावी तशी उसळते. इथे अवजार बदलून भागत नाही, कातडीची स्थिती बदलावी लागते. आधी फक्त मांस आणि चरबी काढली. कातडीच्या वजनाइतकं बारीक, आयोडीन नसलेलं मीठ चोळलं आणि पाणी निथळू दिलं. मग ती आम्ल घातलेल्या मिठवणीत टाकली: दर लिटर पाण्याला साधारण १२० ग्रॅम मीठ, सायट्रिक आम्ल, आणि पीएच (आम्लता मोजण्याचं माप) २ च्या आसपास. आधी मीठ विरघळवायचं, मग आम्ल. मिठाशिवाय आम्लात गेलेली कातडी फुगून बाद होते. तीन दिवसांनी बाहेर काढली तेव्हा मान पांढरी आणि टणक झाली होती, आणि धारदार कडेखाली तिचे पातळ काप निघत होते, रंध्यातून लाकडाचे निघतात तसे. तिथे पहिल्यांदा त्या कागदकाप्या धारेचा उपयोग झाला. धार चुकीची नव्हती, तिची वेळ चुकली होती.

चेहऱ्यासाठी मोठी सुरी निरुपयोगी आहे. ओठ आतून चिरून उघडावे लागतात, पापण्यांच्या कडा, नाकाजवळची कूर्चा, सगळं बोटांच्या टोकावरचं काम. त्यासाठी तीन लहान अवजारं केली आणि तिन्ही टिकली. हॅकसॉच्या तुटक्या पात्याचं अर्धचंद्राकार टोक घासून लाकडाच्या मुठीत बसवलं. ते घासताना चष्मा अनिवार्य, कारण कडक पाती वाकण्याऐवजी मोडतात आणि तुकडे उडतात. दुसरं, स्टीलचा जुना चमचा. त्याच्या पुढच्या कडेला तिकोनी कानशीने बारीक दाते पाडले आणि त्यांची टोकं घासून मवाळ केली. डोळ्याभोवतीची चरबी याने जशी निघते तशी कशानेच नाही, कारण खोलगट पोटामुळे तो कातडीत रुतत नाही. तिसरं, कान उलटा करायला ब्रशचा गोल घासलेला लाकडी दांडा. कानाच्या मागची कातडी आणि कूर्चा यांच्यामधून तो हळूहळू सरकवायचा. तो सँडपेपरने काचेसारखा गुळगुळीत हवा.

ड्रिलचा प्रयोगही सांगायला हवा, कारण तो अर्धवटच यशस्वी झाला. पक्ष्यांच्या कातडीसाठी तारेचं फिरतं चाक वापरतात. पिसांच्या मुळांमधली चरबी सुरीने निघत नाही, तारा ती झटकून काढतात. मी ड्रिल टेबलाला आवळलं, त्याला तारेचा गोल ब्रश लावला आणि कोंबड्याच्या कातडीवर तालीम केली. पहिल्याच मिनिटाला चाकाने कातडीची मोकळी कड पकडली, गुंडाळली आणि मान फाडली. नियम नंतर समजला: तारा कातडीच्या मधून कडेकडे, बाहेरच्या दिशेने सरकायला हव्यात. कडेवरून आत शिरल्या की कातडी ओढली जाणारच. वेग अगदी कमी ठेवून, कातडी दोन्ही हातांनी ताणून, भांडी धुण्याच्या साबणाचं पाणी मारत दुसरी कातडी नीट झाली. पण ब्रशच्या तारा तुटून उडतात, चरबीचे शिंतोडे भिंतीपर्यंत जातात, आणि ओले हात विजेच्या ड्रिलजवळ असतात. मी आता चाकाभोवती तीन बाजूंनी खोकं लावतो, ड्रिल बॅटरीवरचं वापरतो आणि पूर्ण चेहरा झाकणारी काच घालतो. लोकरीचे किंवा सैल हातमोजे घालून या चाकाजवळ कुणी जाऊ नये. बोकडाच्या कातडीवर ते चाक मला तरी काहीच कामाचं वाटलं नाही.

हातमोज्यांवरून एक गोष्ट, जी या प्रकरणात मला सर्वांत आधी कळायला हवी होती. पहिल्या कातडीला मी उघड्या हाताने बसलो होतो. शेळ्या-बोकडांच्या कातडीतून अँथ्रॅक्सचे बीजाणू माणसाच्या जखमेत जाऊ शकतात. आजारी पडून किंवा अचानक मेलेल्या जनावराची कातडी सोलूच नये. निरोगी कापलेल्या जनावराचीच घ्यावी, आणि तरीही अंगाला चिकटून बसणारे रबरी हातमोजे, बंद बाह्या आणि झाकलेल्या जखमा हव्यात. घरी बनवलेल्या अवजारांवर बोल्टची टोकं, लाकडाच्या फटी, खरखरीत कडा जास्त असतात. म्हणून हा धोका इथे तयार अवजारांपेक्षा जास्तच धरावा.

दुसरी बोकडाची कातडी याच घोडीवर, याच सुरीने केली. वेळ पहिलीपेक्षा जास्त लागला, जवळजवळ चार तास. उजेडासमोर धरली तेव्हा दोन भोकं होती. मार्करने गोल काढले आणि रांग शोधली. रांग नव्हती. एक सोलतानाचा चरा होता. दुसरं कानाच्या मुळाशी होतं आणि तिथे सुरी गेलीच नव्हती, चमचा गेला होता. भिंगातून पाहिलं तर चमच्याचा एक दाता मवाळ करायचा राहिला होता. तो त्याच रात्री घासला.

एक दुखणं अजून शिल्लक आहे. लाकडी मुठींनी चरबी पिऊन घेतली आहे, कितीही धुतल्या तरी पकड सटकते आणि वास राहतो. पाट्याची टोकं आधीच मऊ केलेली असल्याने बोल्ट काढून मुठी बदलणं सोपं आहे. या वेळी लाकडाऐवजी जाड पाण्याच्या नळीचे तुकडे घट्ट बसवून पाहणार आहे.